जागेचा वाद आणि घोट्याचा वाद : आबू दियाबी आणि त्याचे चाहते



आजचा विषय फुटबॉलचा आहे. पण आज आम्ही कुठल्या सामन्याची किंवा गोलाची समीक्षा करणार नाही. आज समीक्षेला घेतलंय ते चाहत्यांचं बोलणं. संघात असूनही नसलेला एखादा खेळाडू असतो. अकरा जणांत त्याचं नाव पक्कं नसतं, पण चर्चेत मात्र रोज असतं. ‘याला नेमकं कुठं खेळवायचं?’ आणि ‘हा खेळण्याइतका धड आहे का?’ असे दोन प्रश्न त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं चालतात. हे बोलणं आपण करमणूक म्हणून सोडून देतो. आमचं म्हणणं असं की ही एक प्रकारची समीक्षाच आहे. चाहता निवड करतो, तुलना करतो, पुरावा देतो, निकाल लावतो. मग समीक्षेला जे नियम लागू होतात, ते इथेही लावून बघायला काय हरकत आहे?

आपल्याला अशा वादांची सवय क्रिकेटमुळे आहे. २०१९ च्या विश्वचषकाआधी भारताच्या चौथ्या क्रमांकावर कोण, यावर घराघरांत किती शब्द खर्ची पडले ते आठवा. पण क्रिकेटमध्ये निदान क्रमांक मोजता येतो. चौथा म्हणजे दुसरा गडी बाद झाल्यावर मैदानात येणारा. फुटबॉलमध्ये ‘जागा’ म्हणजे काय, इथूनच वाद सुरू होतो.

उदाहरण म्हणून आम्ही एकच खेळाडू घेतला आहे : आबू दियाबी. फ्रेंच खेळाडू, जन्म पॅरिसचा, ११ मे १९८६. जानेवारी २००६ मध्ये तो ओसेर या फ्रेंच क्लबातून लंडनच्या आर्सेनलकडे आला आणि २०१५ च्या उन्हाळ्यात करार संपल्यावर तिथून बाहेर पडला. साडेनऊ वर्षं. या काळात तो आर्सेनलकडून १८० सामने खेळला, १९ गोल केले. आर्सेनलसारखा संघ सगळ्या स्पर्धा धरून एका हंगामात साधारण ५० सामने खेळतो. म्हणजे हिशेब करा, अर्ध्याहून जास्त सामन्यांत तो मैदानावर नव्हताच. वृत्तपत्रांनी त्याच्या आर्सेनलमधल्या दुखापती मोजल्या, तो आकडा ४२ वर गेला. आणि तरीही या माणसाबद्दल चाहते जितकं बोलले, तितकं दर आठवड्याला इमानेइतबारे खेळणाऱ्या कित्येकांबद्दल बोलले नाहीत. असं का झालं?

आधी जागेचा वाद घेऊ. यात चाहत्यांची चार घराणी होती, असं म्हणायला हरकत नाही.

पहिलं घराणं वारसा मानणाऱ्यांचं. २००५ च्या उन्हाळ्यात आर्सेनलचा कर्णधार पॅट्रिक व्हिएरा युव्हेंटसला गेला आणि सहाच महिन्यांत दियाबी आला. उंच, लांब पायांचा, फ्रेंच, मधल्या फळीत खेळणारा. झालं! वारसदार मिळाला. या घराण्याचं म्हणणं : याला बचावफळीच्या पुढं उभा करा, चेंडू हिसकावू दे, मधला भाग सांभाळू दे. आमच्या मते हे चारांतलं सगळ्यात कच्चं वाचन. यात अंगकाठी वाचली गेली, खेळ वाचलाच गेला नाही. दियाबीला चेंडू मिळाला की तो पायाशी ठेवून, दोन-तीन माणसं चुकवून पुढं निघायचा. बचावासमोरच्या माणसाचं पहिलं काम जागेवर राहण्याचं. तो पुढं गेला की मागं दार सताड उघडं. म्हणजे दियाबीच्या खेळात जे सर्वांत मोलाचं होतं, तेच या जागेवर दोष ठरणार होतं.

दुसरं घराणं म्हणायचं, याला दोन्ही टोकांना धावू द्या. आपल्या पेनल्टी क्षेत्रापासून समोरच्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत. इंग्रज यालाच ‘बॉक्स टू बॉक्स’ म्हणतात. यांच्याकडे पुरावा चांगला होता. २००९-१० हा त्याचा सर्वांत भरलेला हंगाम. त्यात आर्सेन वेंगर यांनी संघाची मांडणी बदलून मधल्या फळीत तीन माणसं ठेवली. मागं एक जण राखणीला, मग बाकीच्या दोघांना मोकळीक. त्या हंगामात दियाबी लीगमध्ये २९ सामने खेळला आणि २०१० च्या विश्वचषकात फ्रान्सच्या तिन्ही सामन्यांत उतरला.

तिसरं घराणं त्याला आणखी पुढं, आघाडीवीराच्या अगदी पाठीशी बघत होतं. २२ ऑगस्ट २००९ रोजी पोर्ट्समथविरुद्ध त्याने दोन गोल केले, आर्सेनल ४-१ जिंकलं. या घराण्याला आणखी काय हवं? गंमत बघा, पुढच्याच आठवड्यात, २९ ऑगस्टला, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याच दियाबीच्या डोक्याला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि आर्सेनल २-१ हरलं. सात दिवसांत तो तारणहार झाला आणि गुन्हेगारही झाला. खेळाडू तोच होता. बदलला होता तो चेंडूचा शेवटचा स्पर्श. पण निकाल मात्र खेळाडूच्या कुवतीवर लागले.

चौथं घराणं डाव्या बाजूचं. हे सर्वांत लहान, पण पुरावा यांच्याकडेही होता. ८ एप्रिल २००८, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, लिव्हरपूलचं ॲनफिल्ड मैदान. डाव्या बाजूला खेळवलेल्या दियाबीने सामन्यातला पहिला गोल केला. आर्सेनल तो सामना ४-२ हरलं, पण ‘डावीकडे खेळला की गोल येतो’ हे वाक्य जिवंत राहिलं.

आता समीक्षक म्हणून आम्हाला इथं एक अडचण दिसते. चारही घराण्यांकडे पुरावा आहे. आणि प्रत्येकाचा पुरावा म्हणजे एखाद-दुसरा सामना, फार तर एक हंगाम. एखाद्या लेखकाच्या चार सुट्या कथा वाचून ‘हा मुळात कादंबरीकार’, ‘हा मुळात नाटककार’ असं भांडत बसावं, तसं हे झालं. मजकूर इतका थोडा होता की कुणीही काहीही सिद्ध करू शकत होतं. जो खेळाडू दर आठवड्याला खेळतो, त्याचा वाद मैदानावरच मिटतो. दहा सामने त्याला डावीकडे बघितलं की उत्तर कळतं. दियाबीच्या बाबतीत उत्तर यायच्या आत तो बाहेर असायचा, आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत चाहत्यांची कल्पना खेळायची.

एक लहानशी गोष्ट सांगतो, ती या सगळ्याला फार शोभून दिसते. दियाबीच्या पाठीवर अनेक वर्षं २ नंबर होता. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीत २ नंबर म्हणजे उजवा बचावपटू. ज्या जागेवर त्याला खेळवा असं चारांपैकी एकही घराणं म्हणालं नाही, तिचा नंबर तो घालून फिरत होता. २०१४ मध्ये मात्यू देबुशी हा खराखुरा उजवा बचावपटू आला आणि नंबर त्याच्याकडे गेला.

बरं, आता दुसरा वाद. फिटनेसचा.

१ मे २००६. संडरलंडचं मैदान. आर्सेनल ३-० ने पुढं, सामना संपत आलेला. संडरलंडचं खालच्या विभागात जाणं आधीच ठरलेलं, म्हणजे त्या सामन्यात त्यांच्यासाठी कमवायला काही उरलेलं नव्हतं. अशा वेळी समोरच्या बचावपटूने घुसून दियाबीचा पाय धरला आणि घोट्याचं हाड मोडलं, सांधाही निखळला. त्याला वीस वर्षं पूर्ण व्हायला दहा दिवस होते. सोळा दिवसांनी, १७ मे रोजी, आर्सेनल बार्सेलोनाविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळलं, तोही पॅरिसच्या वेशीवर साँ-दनीत. पॅरिसचा मुलगा त्यात नव्हता. तो परतला थेट जानेवारी २००७ मध्ये.

इथून पुढं जे झालं, ते समजून घ्यायला वैद्यकशास्त्राची मोठी पदवी लागत नाही. घोटा हा धावणाऱ्या माणसाचा पाया. तिथली हालचाल जराशी जरी बदलली, तरी पाऊल वेगळं पडतं, आणि जो भार घोट्याने घ्यायचा तो पोटरीवर, मांडीवर, गुडघ्यावर जातो. एक दुखणं आवरावं तर दुसरीकडं उमटतं. पुढं पोटरी झाली, मांडीचे स्नायू झाले, मार्च २०१३ मध्ये गुडघ्यातला मुख्य लिगामेंट तुटला. वेंगर यांनी या साऱ्याचं मूळ त्या एका धडकेत असल्याचं पुन्हा पुन्हा जाहीरपणे सांगितलं.

आणि चाहते काय म्हणत होते? काहीजण मोजत होते. ते ठीक आहे, मोजणं म्हणजे निदान वस्तुस्थिती. काहीजण विनोद करत होते : काचेचं भांडं, हात लावला की तडा. यापुढची पायरी मात्र गंभीर आहे. हळूहळू बोलण्याचा सूर असा झाला की याच्यात जिद्दच नाही, याला खेळायचंच नाही, हा पगार खाऊन बसलाय.

मंडळी, इथं भाषेकडे जरा लक्ष द्या. ‘त्याला दुखापत झाली’ हे वाक्य एका घटनेबद्दल आहे. ‘तो दुखापतीचा आहे’ हे वाक्य स्वभावाबद्दल आहे. पहिल्यात काहीतरी बाहेरून आलं. दुसऱ्यात ते आतूनच निघालं. मराठीत आणखी एक सोय आहे. ‘त्याचा घोटा मोडला’ असं आपण म्हणतो. मोडला म्हणजे आपोआप मोडला, की कुणी मोडला? क्रियापदाचं रूप दोन्हींकडे तेच. मोडणारा वाक्यातून सहज गळून जातो, मोडलेला तेवढा उरतो. इंग्लंडच्या चाहत्यांनीही त्यांच्या भाषेत हेच केलं. १ मे २००६ च्या सामन्यातला दुसरा माणूस आठ-नऊ वर्षांत हळूहळू विसरला गेला, आणि उरला तो नाजूक दियाबी.

याचा एक परिणाम ५ फेब्रुवारी २०११ रोजी दिसला. न्यूकॅसलच्या मैदानावर आर्सेनल ४-० ने पुढं होतं. उत्तरार्धाच्या सुरुवातीला जोई बार्टन जोरात येऊन दियाबीला आदळला. दियाबी उठून त्याच्या अंगावर गेला, धक्काबुक्की केली आणि लाल कार्ड घेऊन बाहेर पडला. न्यूकॅसलने चार गोल फेडले, सामना ४-४. आर्सेनलच्या चाहत्यांचा संताप आम्हाला समजतो, आणि लाल कार्ड योग्यच होतं. पण ‘डोकं ठिकाणावर नाही’ हा जो नवा आरोप यादीत चढला, तो चढवताना किती जणांनी विचार केला की ज्याचा पाय अशाच एका धडकेत गेला, तो माणूस पुढची धडक शांतपणे कशी घेईल? आम्ही त्याच्या मनात शिरून सांगू शकत नाही. पण समीक्षेने निदान हा प्रश्न विचारायला हवा होता.

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. चाहते हे दोन वाद वेगवेगळे घालत होते. आज जागेचा, उद्या फिटनेसचा. आमच्या मते हा एकच वाद होता, आणि तो दोन तुकड्यांत घातल्यामुळेच नासला.

जागा म्हणजे फळ्यावर काढलेला ठिपका नव्हे. जागा म्हणजे दर मिनिटाला शरीराकडे केलेली मागणी. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. दोन्ही टोकांना धावणाऱ्याला वेग घ्यायचा, थांबायचा, पुन्हा घ्यायचा असतो. त्यातल्या प्रत्येक थांबण्याची किंमत घोटा आणि पोटरी मोजतात. कडेने खेळणाऱ्याला लांब, भरधाव धावा काढाव्या लागतात. तिथं मांडीचा मागचा स्नायू पणाला लागतो. बचावासमोर उभं राहणाऱ्याला धाव कमी, पण धडका जास्त आणि जागच्या जागी वळणं जास्त. आघाडीवीराच्या पाठीशी असणाऱ्याच्या तर पाठीवरच माणूस असतो. म्हणजे चार घराणी दियाबीच्या शरीराच्या चार वेगवेगळ्या भागांकडे वेगवेगळी मागणी करत होती. ‘त्याची उत्तम जागा कुठली?’ हा प्रश्न विचारताना त्यांच्या मनात एक धडधाकट दियाबी होता, जो १ मे २००६ नंतर फार क्वचित अस्तित्वात होता. खरा प्रश्न असा होता : या पायांना कुठली जागा, आठवड्यातून किती वेळा झेपेल?

याचा लख्ख नमुना म्हणजे २०१२ चा सप्टेंबर. त्याआधीच्या हंगामात दियाबी बोटांवर मोजण्याइतके सामने खेळलेला. उन्हाळ्यात अ‍ॅलेक्स साँग बार्सेलोनाला गेला आणि त्याच्या कामाचा नवा माणूस आर्सेनलने घेतला नाही. २ सप्टेंबरला ॲनफिल्डवर मिकेल आर्तेता मागं, सांती काझोर्ला पुढं आणि मधे दियाबी. त्या दिवशी त्याने मैदानाचा मधला भाग आपलासा केला. आर्सेनल २-० जिंकलं. दुसरं घराणं जिंकलं म्हणायचं! जागा सापडली, वाद मिटला. २९ सप्टेंबरला चेल्सीविरुद्ध पहिल्याच अर्ध्या तासात तो दुखऱ्या पायाने बाहेर गेला. सत्तावीस दिवस. जागा बरोबर होती. त्या जागेचा दर आठवड्याचा भाव पायांना परवडला नाही.

तुम्ही म्हणाल, चाहत्यांचा राग चुकीचा होता का? नाही, सगळाच नाही. तिकिटाचे पैसे ते देतात, रात्री जागून सामने बघतात. आपल्या मुंबई-पुण्यातही आर्सेनलसाठी मध्यरात्रीनंतरचा गजर लावणारे आहेत. संघातल्या जागा मोजक्या असतात, आणि एक जागा कायम दवाखान्यात असेल तर विचारायला हवंच. पण विचारायचं कुणाला? साँग विकला, बदली घेतली नाही, आणि वर्षभर न खेळलेल्या माणसाच्या पायांवर सगळा हंगाम उभा केला. हा निर्णय क्लबचा होता. त्यावर कठोर टीका करता आली असती, आणि काही जाणत्या चाहत्यांनी ती केलीही. बाकीच्यांनी नियोजनातली चूक खेळाडूच्या चारित्र्यात शोधली. कामगार यंत्रात सापडला की ‘त्याचंच लक्ष नव्हतं’ म्हणायची जी सवय समाजाला असते, तिचीच ही मैदानावरची आवृत्ती.

याच क्लबातलं दुसरं उदाहरण ताडून बघा. आरन रॅमसीचा पाय फेब्रुवारी २०१० मध्ये स्टोकच्या मैदानावर मोडला. परतल्यावर त्याचंही तेच झालं : कधी मधे, कधी उजव्या कडेला, आणि ‘हा आता पूर्वीचा राहिला नाही’ हा निकाल. मग २०१३-१४ च्या हंगामात त्याने सगळ्या स्पर्धांत मिळून १६ गोल केले, आणि १७ मे २०१४ रोजी हलविरुद्ध एफए कपच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत विजयी गोलही त्याचाच. तोच क्लब, तेच प्रशिक्षक, तेच चाहते. एकाचं हाड नीट बसलं, दुसऱ्याचं शरीर पुन्हा जुळून आलं नाही. यात जिद्दीचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हे बाकावर किंवा सोफ्यावर बसून ठरवता येत नाही. रॅमसीवरचा निकाल खोटा पडला म्हणून लोक तो विसरले. दियाबीवरचा निकाल खरा ठरल्यासारखा वाटला, म्हणून तो टिकला. पण दोन्ही निकाल लावण्याची रीत सारखीच कच्ची होती.

दियाबी आर्सेनलकडून शेवटचा खेळला २३ सप्टेंबर २०१४ रोजी, लीग कपमध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध. तो सामना आर्सेनल हरलं. पुढं तो मार्सेयला गेला, तिथंही मोजकेच सामने झाले, आणि २०१९ मध्ये त्याने खेळ थांबवला.

या सगळ्या वादांत चांगलं काय होतं, तेही सांगायला हवं. त्या चाहत्यांची नजर बारीक होती. चेंडू घेताना तो कुठल्या खांद्यावरून बघतो, कुठल्या पायाने वळतो, किती पावलांत वेग घेतो, हे त्यांनी टिपलेलं होतं. इतकं लक्ष आपण पुस्तकांनाही देत नाही. प्रेमाशिवाय असं बघणं होत नाही. व्हिएरा गेल्याची पोकळी त्यांना दियाबीत भरून हवी होती, आणि ती भरली नाही याचं दुःखही खरं होतं. आमची तक्रार एवढीच की त्या दुःखाचं बिल चुकीच्या माणसाच्या नावावर फाटलं.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या खेळाडूबद्दल ‘हा नेमका कुठला?’ असा वाद रंगला, तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात. आपण किती सामने बघून बोलतोय? या जागेची शरीराकडे मागणी काय? आणि याच्या अंगाला जे झालं, ते कुणी केलं, की त्याने स्वतः केलं? उत्तरं मिळाली तर वाद खुशाल घालावा, रात्रभर घालावा. आम्हीही घालू. आमचं मत विचाराल तर दियाबी दुसऱ्या घराण्याचा, दोन्ही टोकांचा खेळाडू होता. फक्त त्याला आठवड्यातून एकदा, अधूनमधून दोन आठवड्यांतून एकदा खेळवायला हवं होतं, आणि त्याच्या शेजारी त्याच्याच कामाचा दुसरा माणूस विकत घ्यायला हवा होता.

पहिलं, तिसरं आणि चौथं घराणं मानणारे इथं कुणी असतील, तर त्यांनी प्रश्नोत्तरांत जरूर बोलावं.